वाट आणि वहिवाट

कळसूबाईच्या पायथ्याशी, अकोले तालुक्यात, बारी नावाचे गाव आहे. ‘बारी’ म्हणजे दोन डोंगरांमधून जाणारी अरुंद वाट, खिंड. म्हणजे या गावाचे नाव घेताना आपण एका वाटेचेच नाव घेत असतो. वाट आधी होती, गाव तिच्या काठाने नंतर वसले, असा क्रम त्या नावातून सूचित होतो. सह्याद्रीचा इतिहास आपण बहुधा किल्ल्यांच्या अंगाने लिहितो. कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणाच्या हातून गेला, हे आपले नेहमीचे प्रश्न. त्या किल्ल्यांना एकमेकांशी, घाटमाथ्याला कोकणाशी आणि माणसाला माणसाशी जोडणाऱ्या वाटांचा इतिहास मात्र आपण क्वचितच लिहितो. त्याचे कारणही उघड आहे. किल्ल्याला शिलालेख असतो, सनद असते, बखर असते. वाटेला बहुधा काहीच नसते. ती फक्त पायांनी लिहिली जाते आणि पाय थांबले, की दोन पावसाळ्यांत पुसली जाते.

हा विषय आज सुचण्याला निमित्त आहे ते धावण्याचे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचा डोंगराळ प्रदेश येतो. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, भंडारदऱ्याचा जलाशय, रतनगड, कात्राबाईची खिंड आणि दक्षिण टोकाला १४२४ मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड. या प्रदेशातल्या पायवाटांवर आता पहाटेच्या अंधारात कपाळाला दिवा बांधून, पाठीला पाण्याची पिशवी लावून धावणारी माणसे दिसू लागली आहेत. मुंबईत २००४ मध्ये मॅरेथॉन सुरू झाली, साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या चढावर हिल मॅरेथॉन होऊ लागली, आणि डांबरी रस्त्यावर तयार झालेले काही पाय पुढे मातीच्या वाटेकडे वळले. याला ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. मराठीत त्याला अजून रुळलेला शब्द नाही. शब्द नाही याचा अर्थ कृती नवी आहे, असे मात्र नाही. या वाटांवरून माणसे पूर्वीही धावली आहेत. ती कोण होती, कशासाठी धावत होती आणि त्यांना थांबण्याचा अधिकार होता का, हे प्रश्न विचारल्याशिवाय आजच्या धावण्याचाही अर्थ नीट लागणार नाही, असे मला वाटते.

प्रथम शब्दांकडे पाहू. डोंगरात राहणाऱ्या मराठी माणसाजवळ वाटेसाठी एक शब्द नाही, शब्दांचे एक कूळच आहे. पायवाट आणि पाऊलवाट तर सर्वांच्या परिचयाच्या. गुरांनी पाडलेली ती ढोरवाट. घाटमाथ्यावरून कोकणात उतरते ती घाटवाट. दोन कड्यांच्या बेचक्यातून दगडधोंड्यांवरून कोसळत जाते ती नाळ. डोंगराच्या उतरत्या धारेवरून चालते ती सोंडेची किंवा दांडाची वाट. कातळात पाय ठेवण्यापुरत्या खोदलेल्या खोबणी त्या पावठ्या. पायांखालून सतत जाऊन घट्ट झालेली ती मळलेली वाट आणि तिला सोडून जाणारी ती आडवाट. नकाशावर या सगळ्यांसाठी एकच तुटक रेघ असते. सर्वेक्षण विभागाच्या ४७ ई या क्रमांकाखालच्या पत्रकांवर या मुलखातल्या वाटा अशाच रेघांनी दाखवलेल्या दिसतात. रेघ दिशा सांगते, शब्द मात्र स्वभाव सांगतो. ‘नाळ’ म्हटले, की पावसाळ्यात तिथे पाणी असणार, उतरताना दगड निसटणार आणि ओझे घेतलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, हे ऐकणाऱ्याला कळते.

याच कुळातला आणखी एक शब्द आहे, जो डोंगर सोडून थेट कचेरीत जाऊन बसला. तो म्हणजे ‘वहिवाट’. आज त्याचा अर्थ प्रघात, ताबा, उपभोग असा होतो. तलाठ्याच्या दफ्तरात आणि न्यायालयाच्या कागदांत तो रोज वापरला जातो. व्युत्पत्तीच्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल, की या शब्दात वाट ऐकू येते. वाहती राहिलेली वाट म्हणजे वहिवाट. पुष्कळ काळ, अनेकांनी, न लपता ज्या वाटेने जावे ती वाट हळूहळू हक्क बनते. कायद्यालाही हे तत्त्व अपरिचित नाही. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा २० वर्षे अखंड आणि उघडपणे वापरलेल्या मार्गाला हक्काचे रूप देतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे ५ वे कलम आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम यांच्या आधाराने शेताच्या वाटेसाठी आजही तहसील कचेरीत तंटे चालतात. म्हणजे सपाटीवरच्या वाटेला निदान दाद मागण्याची जागा आहे. डोंगरातल्या वाटेचे काय झाले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अभयारण्याच्या दक्षिणेला, थोड्याच अंतरावर, नाणेघाट आहे. जुन्नरहून कल्याणच्या बंदराकडे उतरणारी ही घाटवाट सातवाहनांच्या काळात व्यापाराची मोठी नाडी होती. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची मोजदाद आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची. याच लेण्यात राजकुटुंबाच्या मूर्तींची रांग होती. त्या मूर्ती आज नाहीत. वर कोरलेली नावे आणि खाली कुठेकुठे पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वाटेच्या इतिहासाला याहून समर्पक प्रतिमा शोधून सापडणार नाही. राजे गेले, पाय राहिले. पण तेही राजांचेच पाय. ज्या बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून तो व्यापार झाला, त्यांच्या पायांसाठी फरसबंदी केली गेली, पाण्याची टाकी खोदली गेली, आणि जकातीची आठवण म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजणही उभा राहिला. त्यांचे नाव मात्र कोणी कोरले नाही.

या जुन्या वाटा ज्यांनी आखल्या, त्यांना चढाचे शास्त्र चांगले अवगत होते, हे त्या चालून पाहिल्यावर कळते. जिथून लादलेला बैल जायचा तिथे वाट अंगावर येत नाही. ती वळणे घेत, दम राखत चढते. खिंडीपाशी सपाटी, जवळ पाणी आणि एखादे दैवत हा त्रिवेणी संगम पुनःपुन्हा भेटतो. खिरेश्वरकडून हरिश्चंद्रगडावर जाताना लागणाऱ्या तोलार खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. दमलेल्या माणसाने जिथे थांबायचे, तिथेच हात जोडायची सोय. गडावरचे हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराचे पाण्याने भरलेले लेणे आणि परंपरेने गडाशी जोडला गेलेला चांगदेवांचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ, हे सर्व या वाटांनीच वर गेले. मराठी वाङ्मयाचा आरंभकाळ हा चालणाऱ्यांचा काळ आहे, हे आपण विसरतो. चक्रधरस्वामी कुठे गेले, कुठे बसले, कोणत्या दिशेने निघाले, याची नोंद ठेवणारी महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही एका अर्थाने पावलांची पोथी आहे.

आता धावण्याकडे येऊ. जुन्या काळी या मुलखात धावण्याचे काम कोणाचे होते? पहिले नाव जासुदांचे. सभासदाच्या बखरीत बहिर्जी जाधव या जासुदाचा उल्लेख सुरतेच्या प्रसंगात येतो. पेशवाईतल्या पत्रव्यवहारात जासुदांच्या जोड्या सतत ये-जा करताना दिसतात. एकाला काही झाले तर दुसऱ्याने पोचावे, असा त्यामागचा सरळ हिशेब. त्यांचा मोबदला तो अजुरा. ज्या पत्रांच्या आधारे आपण अठराव्या शतकाचा राजकीय इतिहास लिहितो, त्यातली कितीतरी पत्रे कोणाच्या तरी धापा टाकणाऱ्या छातीशी बांधलेली होती. पत्रातला मायना, लेखकाची शैली, मोडीची वळणे यांचा अभ्यास आपण केला. पत्र पोचवणाऱ्याच्या श्वासाचा अभ्यास करण्याचे साधन आपल्यापाशी नाही.

इंग्रजी अमलात जासुदाची जागा डाकेच्या हरकाऱ्याने घेतली. ठरावीक मैलांचा टप्पा, खांद्यावर थैली, हातात घुंगरू लावलेली काठी. घुंगरांचा आवाज श्वापदांना दूर ठेवण्यासाठी आणि पुढच्या टप्प्यावरच्या माणसाला जागे करण्यासाठी. या हरकाऱ्याला भारतीय साहित्यात एक काव्यमय जागा मिळाली आहे. रवींद्रनाथांच्या, १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डाकघर’ नाटकातला आजारी अमल खिडकीशी बसून राजाचा हरकारा डोंगरावरून एकटाच उतरताना मनाने पाहतो. अमलसाठी तो मुक्तीचा दूत आहे. ते दृश्य विलक्षण सुंदर आहे. पण ते खिडकीतून पाहिलेले आहे. जो धावतो त्याच्या बाजूने ते कसे दिसत असेल, हे विचारण्यासाठी आपल्याला दुसऱ्या पुस्तकाकडे जावे लागते.

योगायोग असा, की ते पुस्तक याच अकोले तालुक्यातून आले. दया पवारांचे गाव धामणगाव. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्राची दिशा बदलली. त्यात महारकीच्या कामांची जी यादी येते, तिच्यात गावात येणाऱ्या बड्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे आहे. मयताची खबर गावोगाव पोचवणे आहे. सरकारी वसूल तालुक्याला नेऊन भरणे आहे. ही धाव कोणाच्या हौसेची नव्हती, आणि हरकाऱ्याला मिळे तसा तिला पगारही नव्हता. ती वतनाची धाव होती, म्हणजे जन्माने मिळालेली आणि मरणाशिवाय न सुटणारी. घोड्याला चार पाय आणि माणसाला दोन, तरी माणसाने पुढे राहायचे! डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागे या आणि अशा अमर्याद कामांचा जाच होता. हलकी मानलेली ही ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या डोंगरउतारांवर आज लोक आनंदासाठी धावतात, त्यांच्या परिसरात धावणे हे एका पिढीच्या जिवंत स्मृतीत सक्तीचे चिन्ह होते. ही गोष्ट कोणाचा आनंद हिरावण्यासाठी सांगत नाही. मात्र ‘माणसाच्या आदिम प्रेरणेकडे परतणे’ अशी जी भाषा या छंदाच्या संदर्भात वापरली जाते, ती मला अपुरी वाटते. इथल्या मातीत धावण्याची जी स्मृती आहे, ती आदिम नाही, ऐतिहासिक आहे. आणि इतिहासात कोणी धावले, कोणी धावायला लावले.

वाटेचा आणखी एक उपयोग राज्यकर्त्यांना नेहमीच खुपला. तो म्हणजे निसटण्याचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. किल्ला पाडण्यापेक्षा त्याची वाट तोडणे स्वस्त आणि परिणामकारक, हे त्यांनी ओळखले होते. वाट म्हणजे सत्ता, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणाला दिसले नसेल. पण सगळ्याच वाटा काही पायऱ्यांच्या नव्हत्या. याच डोंगरांत देवगावच्या राघोजी भांगरे यांनी महादेव कोळ्यांना घेऊन सावकारशाहीविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध बंड केले. ते दीर्घकाळ टिकले, याचे एक कारण घाटवाटांचे ज्ञान हेच होते. घाटावर फौज आली, की कोकणात उतरायचे, कोकणात आली, की नाळेने वर यायचे. शेवटी राघोजी पकडले गेले आणि १८४८ च्या मे महिन्यात त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. महादेव कोळी समाजावर कॅप्टन मॅकिंटॉश यांनी १८३० च्या दशकात केलेले सविस्तर लेखन आपण आज मानववंशशास्त्रीय साधन म्हणून वाचतो. पण ज्या मुलखातल्या वाटा कोणाला ठाऊक आहेत हे सरकारला ठाऊक नव्हते, त्या मुलखाविषयीचे ते लेखन आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

वाटा खऱ्या अर्थाने ओस पडल्या त्या मात्र बंदुकीने नव्हे. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर आली आणि १८६५ मध्ये थळघाटातून ती इगतपुरीला पोचली. घाटांतले दोन दरवाजे रुंद झाले आणि बाकीच्या असंख्य खिडक्या आपोआप मिटल्या. बैलांचे तांडे थांबले. नाणेघाटातले पाणी पिण्यासाठी गुराखी उरले. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोककथा सांगते, की शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस काय हवे असे विचारल्यावर देशाचे स्वातंत्र्य मागितले. त्याला गोळी घालण्यात आली. ही कथा कागदावर सिद्ध करता येत नाही आणि तिची ती गरजही नाही. वाट ज्याला ठाऊक होती तो अभियंता नव्हता, गुरांमागे फिरणारा माणूस होता, आणि रस्ता झाल्यावर त्याचे नाव कुठल्याच फलकावर आले नाही, एवढे सत्य सांगण्यासाठी लोकांनी ती रचली. अहवालाने गाळलेली गोष्ट देवळाने जपली.

यानंतरचा अध्याय कायद्याचा आहे. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांची रचना पक्की केली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, म्हणजे १८८३ च्या सुमारास, डोंगर, दऱ्या आणि गायराने जंगलखात्याच्या घशात गेल्याची तक्रार किती तीव्रतेने मांडली आहे, हे वाचकांना आठवत असेल. १९३० मध्ये चिरनेरसह महाराष्ट्रात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले ते याच असंतोषातून. पण गवत आणि लाकूड यांच्या चर्चेत वाटेचा मुद्दा बाजूला पडला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे २५ वे कलम या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. राज्य शासनाच्या पूर्वमंजुरीने वनअधिकारी राखीव वनातली कोणतीही सार्वजनिक किंवा खासगी वाट बंद करू शकतो. अट एवढीच, की तिच्याऐवजी वाजवी सोयीची दुसरी वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. सोयीची म्हणजे कोणाच्या सोयीची? डोक्यावर मोळी असलेल्या बाईची, की जीपमधून येणाऱ्या साहेबाची? कलम त्याविषयी मौन आहे.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणखी पुढे जातो, आणि त्याची कारणे खरी आहेत. अभयारण्यात विनापरवाना कोणी जाऊ शकते, याची त्याच्या २७ व्या कलमात यादी आहे. कामावरचा शासकीय सेवक, आत राहण्याची परवानगी असलेला रहिवासी, आत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेला माणूस, सार्वजनिक हमरस्त्याने अभयारण्यातून पलीकडे जाणारा वाटसरू आणि वर सांगितलेल्यांपैकी काहींवर अवलंबून असलेली माणसे. बाकीच्यांना परवाना लागतो आणि तो ज्या कारणांसाठी मिळतो त्यांत अभ्यास, छायाचित्रण, संशोधन यांबरोबर पर्यटनही आहे. आता प्रश्न असा पडतो, की दोन हजार वर्षे मळलेली घाटवाट ‘सार्वजनिक हमरस्ता’ आहे की नाही? ती नसेल, तर पलीकडच्या गावात दिलेल्या मुलीला भेटायला वाटेने जाणारा बाप घुसखोर ठरतो. ती असेल, तर तिच्यावरून रात्री-बेरात्री शेकडो माणसांनी जाण्यालाही हरकत घेता येणार नाही. कायद्याने वाटेला नावच दिले नाही. म्हणून तिचे काय करायचे हेही त्याला सांगता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने उपभोगलेल्या हक्कांना मान्यता देण्याची दिशा दाखवली. पण हक्काचा दावा करायचा, तर वाट कुठून कुठे जाते, तिचे नाव काय आणि ती कोण वापरते, हे सांगणारी माणसे हवीत. इथे शब्दांचा प्रश्न पुन्हा जिवंत होतो.

याच सुमाराच्या इंग्लंडकडे एक दृष्टिक्षेप टाकणे उपयोगी ठरेल, कारण डोंगरधावेची परंपरा तिथे जुनी आहे. १९३२ च्या एप्रिलमध्ये पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या शिकारीसाठी राखलेल्या माळरानावर कामगार तरुणांनी ठरवून सामुदायिक अतिक्रमण केले. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. त्याच वर्षी जूनमध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावच्या बॉब ग्रॅहम या लॉजचालकाने २४ तासांच्या आत ४२ डोंगरमाथे पायांखाली घातले. पुढे ती फेरी धावपटूंसाठी एक मानदंड बनली. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण एकीने डोंगरावर जाण्याचा हक्क मागितला आणि दुसरीने त्या मोकळिकीत शरीर काय करू शकते हे दाखवले. १९४९ च्या कायद्याने तिथे राष्ट्रीय उद्याने आणि पायवाटांची अधिकृत नोंद या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या. निसर्गाचे रक्षण आणि वाटेची वहिवाट या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे मानण्याचे कारण नाही, एवढेच या उदाहरणावरून घ्यायचे.

आपल्याकडे डोंगरवाटा हौशी चालणाऱ्यांच्या हाती आल्या त्या साहित्याच्या मार्गाने. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गविषयक लेखनाने आणि ‘जैत रे जैत’सारख्या कादंबरीने शहरी वाचकाला डोंगरात नेले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने वाटांचे तपशील छापील केले. या पुस्तकांत वाट अजून बोलत होती. अमक्या झाडापासून डावीकडे, ओढा ओलांडून, वाडीत विचारून. ‘वाडीत विचारून’ हे दोन शब्द फार मोलाचे होते. त्यात आपल्याला वाट ठाऊक नाही याची कबुली होती, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्या ओसरीवर क्षणभर टेकणेही होते. धावणाऱ्याच्या मनगटावरच्या यंत्रात वाट आता एक रंगीत रेघ आहे. ती उपग्रहाने दिलेली आहे आणि तिला कोणाला विचारावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी कात्राबाईच्या खिंडीच्या बाजूने येताना मी स्वतः अशाच रेघेवर विसंबून कारवीच्या दाट रानात शिरलो होतो. रेघ बरोबर होती, पण वाट बुजली होती. शेवटी शेण दिसले, ढोरवाट सापडली आणि तिने कुरणापाशी आणून सोडले. गाईला उपग्रह ठाऊक नव्हता, पण पाणी कुठे आहे हे ठाऊक होते.

धावण्याविषयी माझी तक्रार नाही. डोंगरात वेगाने गेलेला माणूस डोंगर पाहतच नाही, हा आक्षेप मला पटत नाही. तोल सांभाळत उतरणाऱ्याला प्रत्येक दगड पाहावाच लागतो, आणि चढावर फुलणारा श्वास उंची जितकी अचूक मोजतो तितकी नजर मोजत नाही. तक्रार असलीच तर ती विसरण्याविषयी आहे. पावसाळ्यात चिखल टाळण्यासाठी एकाने वाटेच्या कडेने पाय टाकला, की दुसरी वाट पडते, मग तिसरी. पठारावरची माती मुळात वीतभर. ती एकदा सुटली, की खाली कातळ उघडा पडतो आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी तिथे पुन्हा लवकर उभी राहत नाही. पहाट आणि तिन्हीसांज या बिबट्याच्या वेळा आहेत. जुना वाटसरू त्या वेळी खिंडीतल्या वाघापुढे थांबायचा तो केवळ भक्तीने नव्हे. जुनी वाट हा एक करार होता. कधी जावे, कुठे थांबावे, कोणाला विचारावे, काय मागे ठेवू नये, याचा. त्यातल्या अन्यायाच्या अटी, म्हणजे जातीने लादलेली धाव, आपण कायद्याने मोडल्या हे योग्यच झाले. पण त्यांच्याबरोबर संयमाच्या अटीही मोडल्या, तर उरलेल्या मोकळिकीला वहिवाट म्हणता येणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात काय करायचे, असे कोणी विचारील. माझ्या मते पुष्कळ. अकोले, इगतपुरी, जुन्नर, मुरबाड या तालुक्यांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकणारी कितीतरी मुले याच वाड्यांमधून येतात. बोलीचा अभ्यास म्हणून आपण त्यांच्याकडून म्हणी आणि ओव्या गोळा करतो. वाटांची नावे गोळा करायला कोणी सांगत नाही. या वळणाला काय म्हणतात, या दगडाला का थांबतात, ही नाळ कोणाच्या नावाची, अशी एक वही प्रत्येक गावासाठी तयार झाली, तर ती भाषेची नोंद होईल आणि उद्या हक्काच्या दाव्यात कदाचित पुरावाही. धावणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल. रेघेला नाव मिळाले, की पाय आपोआप जरा जपून पडतो.

आणि अशा वहीची पहिली नोंद कळसूबाईचीच असावी. कथा अशी सांगतात, की काळसू ही रानात रमणारी कोळ्याची पोर. डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी ती कामाला राहिली ती एका अटीवर. भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचे नाही. एक दिवस घरी पाहुणे आले आणि घरच्यांनी अट मोडली. तिने मुकाट्याने ते काम केले, आणि तशीच डोंगर चढून गेली. ती परत आली नाही. तिने भांडी घासली ती जागा आणि केर काढला ती जागा लोकांनी नावे देऊन लक्षात ठेवली. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर एका कामकरी मुलीच्या नकाराचे नाव वागवते आहे. आज तिथे लोखंडी शिड्या आहेत, नवरात्रात रांगा लागतात, आणि एखादा धावणारा घड्याळाकडे पाहत त्या रांगेच्या कडेने वर जातो. वाट तीच आहे. या मुलखात दुसऱ्याच्या हुकमाने धावलेल्या माणसांची संख्या फार मोठी आहे. स्वतःच्या मनाने ही चढण चढणारी, निदान जिची आठवण राहिली अशी पहिली, ती.